काकूंजवळ बसलेला माणूस

दुपारचे साडेतीन. खिंडीच्या खाली, पुढे झुकलेल्या कड्याच्या आडोशाला एक सपाट खडक. पाऊस सकाळपासून थांबलेला नव्हता. त्या खडकावर ट्रेकच्या लीडरने काकूंना बसवलं आणि बाकीच्यांना घेऊन तो पुढे निघून गेला.

त्या वेळी यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मागे पडणाऱ्याला वाटेत बसवायचं, इतरांना शिखर दाखवून आणायचं आणि परतताना त्याला बरोबर घ्यायचं, ही कंपनीची रोजची पद्धत होती. काकूंचे गुडघे बोलायला लागले होते. उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून काढलेली बाई. लेकीच्या हट्टापायी उतारवयात डोंगरात आलेली. "मी इथूनच तुमचं शिखर बघते," त्या म्हणाल्या, "दिसलं तर." धुक्यात हातभर अंतरावरचं झुडूप दिसत नव्हतं. सगळे हसले. लेक जवळ थांबते म्हणाली, तर काकूंनीच तिला पिटाळलं.

निघताना लीडरने सॅकमधून वॉकीटॉकीचा एक सेट काढून त्यांच्या हातात दिला. काही लागलं तर हे बटण दाबून बोलायचं, मी ऐकत असतो. काकूंचा चेहरा खुलला. हे काम त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. त्यांनी लगेच बोलून बघायची तयारी केली, तेव्हा उगाच बॅटरी उतरेल म्हणून लीडरने त्यांना थांबवलं.

त्या सेटमध्ये बॅटरी नव्हतीच.

लीडरला ते ठाऊक होतं. चालू सेट दोनच असायचे, एक त्याच्याकडे आणि एक रांगेच्या शेवटी चालणाऱ्या गाइडकडे. बाकीचे नुसते देखाव्याचे. हातात सेट असला की माणूस घाबरत नाही, आणि घाबरला नाही की जागचा हलत नाही, असं मालक प्रत्येक नव्या नोकराला कौतुकाने समजावून सांगायचा. बॅटऱ्या म्हणे पावसात खराब होतात. हे सांगणारा मालक स्वतः पावसाळ्यात कधी डोंगराच्या पायथ्याशीही फिरकला नव्हता.

शिखरावरून कुणाला काही दिसलं नाही. उतरायला लागले तर खिंडीकडे जाणारी घळ पाण्याने दुथडी भरून वाहत होती. लीडर तिथे फार वेळ उभा राहिला नाही. डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवरून थेट कॅम्पला उतरणारी दुसरी वाट होती. त्याने सगळ्यांना तिकडे वळवलं. लेकीने विचारलं, आईचं काय? "लांब्याला पाठवलंय," तो मागे न बघता म्हणाला. "तो घेऊन येईल त्यांना."

लांब्या म्हणजे तो शेवटचा गाइड. त्या घटकेला तो धुक्यात, रांगेच्या अगदी टोकाला, पाय मुरगळलेल्या एकाला खांद्याचा आधार देत उतरवत होता. लीडरचा बेत साधा होता. यांना खाली पोचवायचं आणि मग स्वतः वर जाऊन काकूंना आणायचं. थाप तेवढ्या वेळापुरतीच.

कॅम्पवर पोचेपर्यंत उजेड मावळत आला. ओल्या कपड्यांचा आणि रॉकेलचा वास मोठ्या तंबूत कोंडला होता. लांब्या आत आला तशी लेक उठली. तिने त्याच्यामागे बघितलं. कुणी नव्हतं.

"माझी आई?"

लांब्याने लीडरकडे बघितलं. लीडरने तोंड उघडलं, आणि त्याच्या छातीवरचा सेट खरखरला.

"हॅलो, कॅम्प. मी काकू बोलतेय." आवाज स्पष्ट होता, सरावातला. "मी ठीक आहे. तुमचा माणूस आलाय. माझ्याजवळ बसलाय."

लांब्याऐवजी दुसराच कुणी गेला असणार, असं लेकीने मनाशी धरलं. मग तिने सेट जवळजवळ हिसकावूनच घेतला. काकू सांगत राहिल्या. पाऊस त्याच्या बाजूने येतोय, तो मला लागू देत नाही. फारसा बोलत नाही. बिस्किट दिलं तर तेही घेईना. "असा जावई मिळाला तर मी सुटले बाई," त्या म्हणाल्या. तंबूत हशा पिकला. त्या हशात लीडरही सामील झाला.

लांब्या मात्र हसला नाही. त्याने लीडरला दंडाला धरून तंबूच्या मागे नेलं.

"कुठला सेट दिलास त्यांना?"

लीडर तंबूचा खुंटा पायाने दाबायला लागला.

"रिकामा ना?"

"आवाज आला की नाही? तू पण ऐकलास..."

"ऐकला. म्हणून तर विचारतोय... वर कोण आहे?"

वर जायची वाट समोरच्या ओढ्यातून होती. सकाळी सगळे तिथूनच चढले होते. पाणी आता कमरेच्या वर होतं, पण दोर बांधून दोघांना जाता आलं असतं. लांब्या दोर सोडवायला लागलाही. लीडरने त्याच्या हातावर हात ठेवला. काकूंजवळ माणूस आहे, त्या स्वतःच सांगतायत, तो म्हणाला. आपण दोघं वाहून गेलो तर इथल्यांना कोण बघणार? बोलून होईपर्यंत त्याला ते पटलंसुद्धा. दुपारी त्याने तो माणूस एका वाक्यात तयार केला होता. आता तो त्याच माणसाच्या आड लपत होता.

लांब्याने दोर खाली टाकला. एकट्याला ते पाणी ओलांडता येणार नव्हतं.

अंधार पडल्यावर काकूंचा आवाज थांबला, सेट मात्र थांबला नाही. लेकीचा डोळा लागल्यावर लीडरने तो तिच्याकडून घेऊन बंद केला. मग बॅटरी काढून खिशात घातली. तरी त्यातून पाऊस पडत राहिला... खडकावर आपटणारा, जाड थेंबांचा. आणि त्या पावसामागे कुणीतरी पुरुष अगदी हळू काहीतरी विचारत होता. पुन्हा पुन्हा, तेच. शब्द कळत नव्हते. लीडरने सेट उशीखाली दाबला, आणि कान झाकून घेतले.

फटफटलं तेव्हा ओढा उतरला होता. लांब्या, लीडर आणि लेक वर गेले. काकू होत्या तिथेच होत्या. ओठ निळे पडलेले, पण डोळे जागे. लेकीने त्यांना मिठी मारली आणि चमकून मागे सरली. काकूंचं उजवं अंग चिंब भिजलं होतं. डावं अंग, खांद्यापासून घोट्यापर्यंत, कोरडं ठणठणीत होतं. आणि त्या बाजूला खडकावर एका माणसाच्या बैठकीएवढी जागा सुकी होती. तिघांच्या डोळ्यांदेखत तिच्यावर पहिले थेंब पडले, आणि ती काळी होत गेली.

"तो खाली गेला का?" काकूंनी विचारलं. "आत्ता तर होता. तुम्ही दिसलात आणि उठला."

"हो," लीडर म्हणाला. "पुढे गेला."

आणि कुणी बघायच्या आत त्याने काकूंच्या हातातला सेट सॅकमध्ये टाकला.

पुढचं कंपनीने निस्तरलं. आमच्या कर्मचाऱ्याने रात्रभर पावसात बसून ज्येष्ठ महिलेचा जीव वाचवला, अशी बातमी कंपनीनेच वर्तमानपत्रांना दिली. फोटोसाठी मालकाने लांब्याला बोलावलं, तर तो नोकरीच सोडून गेला. मग लीडरचा फोटो छापून आला. त्याने नाही म्हटलं नाही. शेजारी अभिनंदन करायला आले, त्याच्या आईने सगळ्यांना चहा केला, आणि तो कोपऱ्यात बसून मान हलवत राहिला. जेवण जाईना. पाऊस सुरू झाला की तो खिडक्या लावून घ्यायचा.

शेवटी एका दुपारी तो काकूंच्या घरी गेला. त्या खिडकीपाशी पाय शेकत बसल्या होत्या. त्याने बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"काकू, तो सेट रिकामा होता. आणि मी कुणालाच पाठवलं नव्हतं. वर यायला जमत होतं, तरी आलो नाही."

काकू दचकल्या नाहीत. गरम पाण्याची पिशवी त्यांनी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.

"माहितीये," त्या म्हणाल्या. "त्यानेच सांगितलं. त्यालाही असंच बसवून गेले होते. परतताना घेतो म्हणून."

"कोण गेले होते?"

"ते त्याला आठवत नव्हतं रे. रात्रभर एकच विचारत होता... निघाले का ते?" काकूंनी पिशवी पुन्हा सरकवली. "खाली गेलात की सांगा म्हणाला, मी हललो नाही. बसवलंय तिथेच बसलोय."

लीडर तिथून उठला तो थेट मालकाकडे गेला. त्याने सगळं सांगितलं, काहीही न वगळता. मालकाने ऐकून घेतलं. आपल्याकडून आजवर कुणीही मागे राहिलेलं नाही, असं त्याने सांगितलं, आणि लीडरला थोडे दिवस सुट्टी घ्यायला सुचवलं. पुढच्याच शनिवारी नवा लीडर नव्या लोकांना घेऊन त्याच वाटेने गेला.

तो माणूस कोण, त्याला तिथे कुणी बसवलं, आणि कुठल्या पावसात, हे कंपनीने अजून सांगितलेलं नाही. त्याला आणायलाही कुणी गेलेलं नाही.