आर्नल्डचा नऊ नंबर

“दोन्ही अंडी डेरिकलाच?” आर्नल्डने विचारलं, आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला... एकतीस वर्षांचा बाप्या, आणि अंड्यांवरून आईशी भांडतोय!

“अरे, त्याचं तोंड बघ की किती उतरलंय,” आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली. “तुझं काय, तू नुसत्या चहावर डोंगर उचलशील.”

“आई, आज मी खेळतोय. तो बाकावर बसणार आहे. बसायला अंडी लागत नाहीत!”

धाकट्या डेरिकने मान वर न करता बशी मोठ्या भावाकडे सरकवली. “घे बाबा, ज्याचा दिवस त्याची अंडी.”

आर्नल्डने बशीला हात लावला नाही. हवं ते मिळालं की लगेच ते नकोसं का होतं, हे त्याला आजवर कळलं नव्हतं.

फुटबॉलच्या बारा वर्षांत सात संघ! कुठे डाव्या बगलेला, कुठे बचावात, कुठे मधल्या फळीत... जिथे खिंडार पडेल तिथे आर्नल्ड हॅडफील्ड! मॅनेजर त्याची पाठ थोपटत आणि पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्या गावी विकून टाकत. संघात जेमतेम एकच बदली खेळाडू घेता येई आणि कुठेही खेळू शकणारा गडी त्या जागेला सोयीचा, म्हणून बारा नंबर घालून बाकावर कुडकुडायला पुन्हा तोच. घरातही वेगळं काय होतं? वडील गेले तेव्हा तो बाप झाला, आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आई झाला. आणि डेरिक? त्याला फक्त गोल मारता येई, म्हणून सहा वर्षं गावच्याच ब्रॅकस्टन संघात आघाडीच्या गोल करणाऱ्याचा नऊ नंबर त्याचा, गुत्त्यात नाव त्याचं, आणि आईच्या ओठांवर सदा ‘आमचा डेरिक’! सातवा संघ म्हणून आर्नल्ड ब्रॅकस्टनला परतला, तेव्हापासून त्या मत्सराने त्याचं काळीज आतल्या आत करपत होतं. पण डेरिकचे गोल आटले, आणि आज, चषकाच्या तिसऱ्या फेरीत, लंडनच्या बड्या संघाविरुद्ध, गावासमोर नऊ नंबर आर्नल्डला मिळाला होता.

दर शनिवारी आई बाजारात मासे विकायची, त्यामुळे तिने दोघांचाही सामना कधी पाहिला नव्हता. आज सामन्यासाठी बाजारच बंद होता.

“मला या अधू डोळ्यांनी काय दिसणार रे?” आई म्हणाली. “पाठीवरचे मोठे आकडे तेवढे दिसतात.”

“मग नऊ बघ!” आर्नल्ड कडवटपणे म्हणाला. “बाकाकडे बघू नकोस. आज तिथे बघण्यासारखं काही नाही.”

डेरिक उठला आणि कोट घालून बाहेर पडला.

सामना सुरू होऊन वीस मिनिटं झाली, आर्नल्डचा एक फटका खांबाला चाटून गेला, सारं मैदान त्याच्या नावाने गर्जलं... आणि पुढच्याच हल्ल्यात ब्रॅकस्टनच्या गोलरक्षकाचं मनगट मोडलं! त्याला उचलून इस्पितळात नेलं. राखीव गोलरक्षक ठेवायची पद्धतच नव्हती, दहा जणांपैकी कुणीतरी उभं राहायचं. बाकीचे नऊही चेहरे आर्नल्डकडे वळले. मॅनेजर क्रॅबट्री हिरवी जर्सी घेऊन धावत आला.

“आज नको, बॉस... आजचा एक दिवस!”

“अरे, तुझ्याशिवाय जमणार कुणाला?”

जन्मभर ऐकलेलं तेच वाक्य! त्याने नऊ नंबर अंगातून काढला, चिखलात टाकला आणि हिरवी जर्सी चढवली. त्याच्या जागी आघाडीवर धावत आला तो बारा नंबरचा डेरिक. तोंडचा घास गेला, आणि गेला तोही कुणाच्या तोंडात!

तरी त्याने लंडनवाल्यांचे पाच फटके अडवले. सहावा छातीशी कवटाळला, मान वर केली, तर पलीकडे डेरिक एकटा मोकळा उभा होता. क्षणभर, देव क्षमा करो, दुसरीकडे फेकावा असं त्याच्या मनात आलं... पण हात सरावाने वागला, चेंडू थेट डेरिकच्या पायात. डेरिकने दोघांना चकवलं आणि गोल! एक-शून्य!

शिट्टी वाजली तशी गावाने डेरिकला खांद्यावर घेतलं. आर्नल्ड कपडे बदलायच्या खोलीत एकटाच येऊन बसला, चिखलाने माखलेला, आणि रडूही येईना.

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली, डोक्यावरचा स्कार्फ सुटलेला, डोळे सुजलेले.

“आर्नल्ड! हात दाखव... पाय? कुठे लागलंय रे?”

“मला? काही नाही!”

“मग नऊ कुठे गेला?” ती हुंदके देत त्याचे खांदे चाचपत होती. “शेजारचा म्हणाला, आपल्या एकाला इस्पितळात नेलं... मी सगळीकडे नऊ शोधत राहिले रे! इतकी वर्षं डेरिकचीच चिंता केली, कारण तुला कुठेही टाकलं तरी तू तगशील असं वाटायचं. तुझीही काळजी करावी लागते, हे मला कधी सुचलंच नाही... चुकले रे, पोरा!”

आर्नल्डने तिचा सुटलेला स्कार्फ डोक्यावर सारखा केला. “आणि गोल झाला तेव्हा?”

“कुठला गोल?”

दाराशी काहीतरी हललं. नुकताच खांद्यावरून उतरलेला डेरिक तिथे उभा होता, त्याने सारं ऐकलं होतं. त्याचा चेहरा बघून आर्नल्ड चमकला... हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता, बारा वर्षं दाढीच्या आरशात तो रोज भेटत होता! सूड उगवला होता, आयता, काही न करता. पण त्यात रतीभरही गोडी नव्हती.

“आई, बस इथे,” तो म्हणाला. “तुला सांगतो. काय गोल होता! आपल्या डेरिकने एकाला डावीकडे झुलवलं, दुसऱ्याला उजवीकडे, गोलरक्षक आडवा पडला तरी घाई केली नाही पठ्ठ्याने...”

“आणि चेंडू त्याच्याकडे आला कुठून?”

“आला कुठूनतरी.”

“खोटं बोलतोय, आई,” डेरिकचा आवाज फुटला. “त्यानेच फेकला! अर्धं मैदान ओलांडून माझ्या पायात आणून दिला. आणि त्याआधी पाच अडवले, ते नाही सांगितलं तुला.”

तो पुढे आला, जमिनीवरच बसला आणि थोरल्या भावाच्या बुटांच्या चिखलात घट्ट झालेल्या नाड्या सोडू लागला. आर्नल्डने दुसरा पायही पुढे केला.