भरती सुरू आहे

पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भरती सुरू असताना पुळणीवर जाऊ नये.' आणि मी चक्क हसले होते.

आमच्या वऱ्हाडात भरती दोनच ठिकाणी होते. एक पोलिसात, नाहीतर दवाखान्यात. समुद्राचं पाणी चढतं त्यालाही भरती म्हणतात, हे भूगोलात वाचलं होतं. पण परीक्षा झाली आणि तेही वाहून गेलं.

किशोरदादा आणि प्रणालीवहिनी टपरीवर चहा घेत होते. कोकणातला आडबाजूचा किनारा, खाडीच्या तोंडाशी खारफुटीचं दाट जंगल, आणि पुढे वाळूच वाळू... मी पाटी वाचत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"इथं कशाची भरती घेऊन राहिले? पोलिसाची?"

मी गर्रकन वळले. घरापासून इतक्या लांब, आपली बोली! पांढऱ्या गाडीला टेकून तो उभा होता. गाडीचा नंबर एमएच-तीस. म्हणजे अकोला.

"दौडीले जागा तं मस्त हाय," मी म्हणाले.

"तुमी अमरावतीकडच्या दिसता."

"कशावरून?"

"अकोल्याच्या पोरी अनोळखी माणसाले उत्तर नाही देत. चप्पल दाखवतात."

मी हातातल्या चपला वर केल्या. तो इतका मनापासून हसला, की मलाही हसू आवरेना.

नाव कुलदीप. राहणारा अकोल्याच्या जुन्या शहरातला. मित्राच्या लग्नाहून परतताना, समुद्र एकदा बघावा म्हणून त्याने वाट वाकडी केली होती. समुद्र मीही पहिल्यांदाच बघत होते.

एक ओलसर खोलगट पट्टा ओलांडून आम्ही पलीकडच्या वाळूवर गेलो. ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलेलं... ढगांवर पाय देत चालल्यासारखं वाटत होतं. इवल्याशा खेकड्यांनी राईएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातली होती. पांढऱ्या पक्ष्यांचा थवा एकदम उठला, एकदम वळला आणि उन्हात चमकून नाहीसा झाला. सपाट रान मी जन्मभर पाहिलं होतं. पण हे सपाट असूनही श्वास घेत होतं.

"एवढं मोठं..." तो हळूच म्हणाला, "आन् आवाज किती कमी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खेकड्यांकडे पाहिलं.

"तुमाले एक विचारू? तुमचं—"

"कुलदीप, मागं पाहा!"

मघाचा तो ओलसर पट्टा आता वाहत होता. आवाज न करता पाणी आमच्या मागून आत शिरलं होतं. पलीकडून दादा ओरडत होता. त्याचे हात दिसत होते, शब्द मात्र पोचत नव्हते. कुलदीपने माझा हात धरला, विचारलंही नाही. पाणी गुडघ्यांवर आलं, मग कमरेला. खालची वाळू पावलांखालून सरकत होती. एक चप्पल गेली, दुसरी मीच सोडून दिली. 'थांबू नका, थांबू नका,' तो एवढंच म्हणत होता. त्याची बोटं सुटली नाहीत.

काठावर दादाने मला खसकन ओढलं. "पागल झाली काय वं?" आणि मग त्याला रडूच कोसळलं.

वहिनीने मला ओढणीत गुंडाळून गाडीत बसवलं. कुलदीप खिडकीशी आला. तो कमरेपर्यंत भिजला होता आणि एका बुटातलं पाणी ओतत होता.

"मघाचं अर्धंच राहिलं," तो म्हणाला. "तुमचं गाव कोणतं?"

"वलगाव. काहून?"

"आईले घेऊन कुठं यायचं, समजलं पाहिजे न."

वहिनीने तोंड फिरवून हसू लपवलं. मी पायांकडे पाहत राहिले... दोन्ही अनवाणी.

आता आमची रागिणी चार वर्षांची आहे. अंघोळीची बादली भरली, तरी मी दारात उभी राहते. कुलदीप चिडवतो, "बादलीले भरती येत नाही वं!"

येऊ दे त्याला हसू. तुम्ही मात्र एक करा. कधी त्या बाजूला गेलात आणि पाटीजवळ एमएच-तीस किंवा आमच्या अमरावतीच्या सत्तावीसची रिकामी गाडी दिसली, तर पलीकडच्या वाळूवर नजर टाका. दोघं उभे दिसले, तर आधी हाक मारा. त्याचं वाक्य अर्धं राहील, राहू द्या. ते गाडीतही पूर्ण होतं.