शेकाचा कोळसा

आमच्याकडे भिंतीत साधा खिळा ठोकायचा तरी बाहेरून माणूस बोलवावा लागतो. माझ्या नवऱ्याचं, रत्नदीपचं, ड्रिलच्या आवाजाने डोकं दुखतं. त्याच रत्नदीपने धाकट्या जावेसाठी, स्नेहलसाठी, एका रविवारात कोळशाची पेटी बनवली.

इथे परदेशात, पुंगोलला, एकाच ब्लॉकमध्ये आमचे फ्लॅट, मी नवव्या मजल्यावर, स्नेहल सहाव्या. तिला मुलगी झाली आणि सासूबाई पिंपरीहून बाळंतपणाला आल्या, बॅगेत शेगडी घालूनच. बाळबाळंतिणीला शेक हवा तो कोळशाचाच, हॉट वॉटर बॅग त्यांना चालेना. सुपरमार्केटमधला बार्बेक्यूचा कोळसा आणला, तर इथल्या दमट हवेत तो लगेच सादळायचा आणि नुसता धूर व्हायचा. म्हणून पेटी. जमिनीची ओल लागू नये म्हणून चार पाय, आतून जाड प्लास्टिक, तळाशी वर्तमानपत्रं, वर घट्ट झाकण. कडासुद्धा पॉलिश पेपरने घासलेल्या.

"दादांनी किती मन लावून केलीय ना," स्नेहल म्हणाली.

माझ्या वेळी सासूबाईंचे गुडघे दुखत होते. माझं बाळ पोटातच गेलं, मी हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी घरी आले, तेव्हा माझी पाठ कुणी शेकली नाही. बाळच नाही तर शेक कशाला, असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. त्यामुळे ती पेटी बघून माझा नुसता जळफळाट झाला. मुलीपेक्षाही मला त्या शेकाचा हेवा वाटला.

कोळसा काढायला मी झाकण उचललं. आतल्या बाजूला पिवळ्या बदकाचं स्टिकर होतं, अर्धं कापलं गेलेलं.

ते मीच चिकटवलं होतं, आमच्या बाळाच्या कॉटवर. कॉट आमच्या बॉम्ब शेल्टरमध्ये असायची. इथे प्रत्येक फ्लॅटला जाड भिंतींची तेवढी एक खोली असते आणि सगळे तिच्यात अडगळ भरतात. वर येऊन मी तिचं लोखंडी दार उघडलं. कॉटची जागा रिकामी होती.

"पडूनच होती ना," रत्नदीप म्हणाला. "फळ्या चांगल्या होत्या."

"विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

त्यानंतर शेगडीची तक्रार सुरू झाली. निखारे लालभडक फुलत, पण आच लागेना. मी इंजिनिअर आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी पंखा बंद केला, राख झटकली, निखाऱ्यांच्या बोटभर वर तळहात धरला. ऊब नव्हती. बाळाचे तळवे मात्र गार पडायला लागले होते. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

त्याच सुमारास सूटकेस काढायला मी शेल्टरमध्ये गेले आणि अनवाणी पायांना फरशी कोमट लागली. कॉट होती तेवढीच जागा, चौकोनी. खाली आठव्या मजल्यावर जाऊन विचारलं, त्यांच्या शेल्टरचं छत गार होतं. तिथून पाण्याचा पाइपही जात नव्हता.

मग मी त्या चौकोनात पाठ टेकून आडवी झाले. ओव्याच्या धुरीचा वास आला. कमरेतली इतक्या वर्षांची कळ हळूहळू सैल झाली आणि मला रडू फुटलं. त्या दिवसापासून ऑफिसमधून आले की पर्स टाकून मी आधी तिथे जायचे.

शनिवारी दुपारी सासूबाई वर आल्या. दारातच बसल्या.

"पोर दूध ओढत नाही गं आता. पाय पोटरीपर्यंत गार पडलेत. त्या पेटीतल्या कोळशातच काहीतरी आहे."

रत्नदीप उठला. "टाकून येतो ती. उल्का, टाकू ना? फळ्या तुझ्या होत्या. तू म्हणशील तसं."

या वेळी त्याने विचारलं होतं. हो म्हणायचं, एवढंच काम होतं.

माझी पाठ अजून उबदार होती.

"राहू दे," मी म्हणाले. "छान झालीय पेटी."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग कठड्याला धरून लिफ्टकडे गेल्या.

मी शेल्टरचं दार आतून लोटून घेतलं. फरशी आज चांगलीच तापली होती. तिच्यावरून हात फिरवत गेले, तर मधोमध दोन जागा जास्त ऊन लागल्या.

शेजारी शेजारी. माझ्या करंगळीएवढ्या लांब, टोकाला पाच-पाच बारीक ठिपके.

मी एकीला बोट लावलं. गुदगुल्या झाल्यासारखी ती आक्रसली.