उलटं चिकटलेलं कणीस

“टकर? आपला टकर?” जोनासने किराणा दुकानाच्या दारावर लावलेल्या पोस्टरला जवळजवळ नाकच टेकवलं. “अगं टेसा, त्याचा तर हात गळ्यात आहे!”

टेसाने ते नाव कधीच वाचलं होतं. ‘ऑल-स्टार संघ. सर्वोत्तम बचावपटू : टकर लँग, लार्क लेक, जर्सी क्रमांक ८०.’ तिने पोस्टर पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. तिच्या भावाचं, ओरेस्टचं नाव कुठेच नव्हतं.

“खांद्याचं हाड मोडून घरात बसलेला मुलगा लीगमधला सर्वोत्तम बचावपटू!” जोनास म्हणाला. “मग माझी आजीपण निवडायला हवी होती. तिचा तर फक्त गुडघा दुखतो!”

त्यांची मैत्रीण मायका हसली, पण टेसाला हसू आलं नाही.

लीग सहा गावांची होती. गावं इतकी छोटी, की मोठा संघ उभाच राहत नसे. म्हणून इथला फुटबॉल सहा-सहा जणांचा. लांबट चेंडू छातीशी घट्ट धरून पळायचं आणि समोरच्याने त्याला मिठी मारून लोळवायचं. प्रेक्षक मैदानाभोवती आपापले ट्रक लावून, आत हीटर चालू करून बसायचे. कुणी चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केलं, की सगळे भोंगे एकदम वाजायचे. लोळवणाऱ्यासाठी मात्र आजवर कुणी भोंगा वाजवला नव्हता.

आणि ओरेस्टचं काम लोळवण्याचंच!

सहाही गावांतल्या निवडक खेळाडूंचा हा ऑल-स्टार संघ शनिवारी सॅस्काटून शहरात खेळणार होता. तिथे विद्यापीठांचे कोच खेळाडू हेरायला येतात. ओरेस्टचं शाळेचं हे शेवटचं वर्ष. त्याला कुणी बघायचं राहिलं, तर ते कायमचंच राहणार होतं.

“शेवटचे तिन्ही सामने बाहेरगावी झाले,” मायका म्हणाली. “आपल्या हॉकीमुळे आपल्यापैकी कुणीच गेलं नाही. पण रेड विलो गावच्या शाळेने त्यांच्या सामन्याचं चित्रीकरण टाकलंय. चला माझ्या घरी!”

नोव्हेंबरची सुट्टी होती, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. बर्फातून धावत तिघं मायकाच्या घरी पोचली आणि संगणकासमोर दाटीवाटीने बसली.

पडद्यावर बर्फ भुरभुरत होता. हेल्मेटच्या जाळीमागे कुणाचाही चेहरा दिसत नव्हता. दिसत होता फक्त लार्क लेकचा ऐंशी नंबर! रेड विलोचा धिप्पाड गडी चेंडू घेऊन सुसाट निघाला, की हा ऐंशी कुठून तरी यायचा, खाली वाकायचा, त्याच्या कमरेत खांदा घालायचा आणि धप्प! आणि लगेच हात देऊन त्याला उठवायचासुद्धा.

“बाप रे! हा आहे तरी कोण?” जोनास ओरडला.

“थांब!” टेसा एकदम म्हणाली. “चित्र थांबव, मायका. मागे घे. अजून थोडं... त्याचं हेल्मेट बघा!”

चांगल्या टॅकलबद्दल, म्हणजे लोळवण्याबद्दल, लार्क लेकचे कोच ब्रॉन प्रत्येकाला गव्हाच्या कणसाचं पिवळं चित्र द्यायचे. ते हेल्मेटवर मागच्या बाजूला चिकटवायचं. ऐंशी नंबरच्या हेल्मेटवर कणसांची अख्खी रांग होती आणि त्यातलं एक उलटं होतं. दाणे खाली, देठ वर.

“ते मी चिकटवलंय!” टेसाने पडद्यावर बोट ठेवलं. “आमच्या स्वयंपाकघरात, घाईघाईत. ओरेस्ट केवढा चिडला होता माझ्यावर!”

ओरेस्ट अंगणातला बर्फ उपसत होता. तिघांनी त्याला घेरलं.

“ऐंशी नंबर तूच होतास ना?”

फावडं थांबलं. “बाहेरगावच्या पहिल्याच सामन्यात माझी जर्सी फाटली. टकर तेव्हा घरी बसलेला, त्याची पडून होती, कोचनी ती दिली. पुढे ती तशीच राहिली.”

“मग सांगायचं ना!”

“संघातली मुलं सांगायला गेली होती. मिस्टर फेर म्हणाले, मित्राची बाजू घेताय. कोच गेलेत हरणाच्या शिकारीला, तिथे फोन लागत नाही. आणि मी स्वतः जाऊन काय सांगू? की मी फार चांगला आहे, मला निवडा?” त्याने पुन्हा फावडं उचललं. “टकरच्या बाबांनी ते पोस्टर घरात लावलंय, टेसा. जाऊ दे.”

“हा जाऊ दे म्हणतो,” रस्त्यावर येताच टेसा म्हणाली. “पण मी जाऊ देणार नाही!”

मिस्टर फेर लीगचे अध्यक्ष. ते शेजारच्या गावचे होते. आज लार्क लेकच्या सभागृहात बक्षीस समारंभाचं जेवण होतं, म्हणून ते खुर्च्या मांडून घेत होते.

“हे बघा मुलांनो, निवड कोच करतात,” ते म्हणाले. “आपल्या गावच्या मुलाला मत द्यायचं नाही. त्याच्याबद्दल बोलणं चालू असेल, तेव्हा खोलीबाहेर उभं राहायचं. कडक नियम आहे! बाकीचे पाचही कोच एका सुरात म्हणाले, ऐंशी नंबर. ऐंशी म्हणजे टकर लँग. नावं मी स्वतः लावली.”

म्हणजे खरं माहीत असलेला एकच माणूस नेमका दाराबाहेर उभा होता!

“पण तुम्ही सामने बघितले होते ना?” मायकाने विचारलं.

“एकही चुकवला नाही! पुढच्या रांगेत माझा ट्रक असतो.”

“आणि काचेवर वाफ,” जोनास पुटपुटला.

“आमच्याकडे पुरावा आहे. दोन मिनिटं बघा,” टेसा काकुळतीला आली.

“भावाचं कौतुक घरी कर, पोरी. मला अजून माइक लावायचाय.” त्यांनी तारांच्या गुंत्याकडे हताशपणे पाहिलं. “तुमच्यापैकी कुणाला ही पडद्याची भानगड समजते का? हंगामातले चांगले क्षण दाखवायचेत.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मला समजते,” मायका अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली.

टेसा आणि जोनास मात्र थेट टकरच्या घरी पळाली.

“मी सकाळपासून तोंड लपवून बसलोय!” टकर म्हणाला. “बाबांना सांगितलं, तो मी नव्हतो. ते म्हणाले, लाजतोस काय? काय करायचं ते सांगा, मी तयार आहे.”

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. टर्की, कोबीचे रोल आणि बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पिरोग्या यांचा वास सुटला होता. रिवाजाप्रमाणे सगळ्या संघांची हेल्मेट मंचावरच्या टेबलावर मांडली होती. टेसाने जाता जाता एका हेल्मेटचं तोंड भिंतीकडे वळवलं, म्हणजे मागची कणसं लोकांसमोर आली.

“सर्वोत्तम बचावपटू,” मिस्टर फेर माइकवर गरजले, “टकर लँग!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावर ऐंशी नंबर धावत आला, वाकला, धप्प! आणि चित्र थांबलं. पडदाभर हेल्मेट, त्यावर कणसांची रांग, आणि एक उलटं कणीस.

टकर मंचावर आला. गळ्यात हात, तोंडावर हसू. “मिस्टर फेर, त्या दिवशी मला स्वतःचा बूटसुद्धा बांधता येत नव्हता हो!”

हशा पिकला. टकरचे बाबा अर्धवट उठले आणि तसेच थबकले. टेसाने टेबलावरचं ते हेल्मेट उचलून पडद्याशेजारी धरलं. तीच रांग, तेच उलटं कणीस! तिने आतलं नाव मोठ्याने वाचलं, “ओरेस्ट वोलोशिन!”

रेड विलोच्या कोच ओकेमाव उठल्या.

“माझ्या सगळ्यात दांडग्या मुलाला त्याने सामनाभर पळू दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि प्रत्येक वेळी हात देऊन उठवलं. परतताना माझा मुलगा बसमध्ये म्हणाला, कोच, असं पडायलासुद्धा बरं वाटतं. मी त्या मुलाला मत दिलं, मिस्टर फेर, कापडावरच्या आकड्याला नाही.”

बाकीच्या चारही कोचनी माना डोलावल्या. तेवढ्यात दार उघडलं. शिकारीचं नारिंगी जाकीट घातलेले, धुराचा वास येणारे कोच ब्रॉन आत आले. त्यांनी पडदा पाहिला, हेल्मेट पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“जर्सी बदलल्याचं मी कळवायलाच विसरलो!”

मिस्टर फेरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “कोच विसरले आणि मी बघूनही पाहिलं नाही. पोरी, मघाशी मी दोन मिनिटं दिली नाहीत, ती चूक माझी. तुम्ही तिघांनी या लीगची लाज राखलीत. ओरेस्ट, वर ये बाळा. शनिवारी सॅस्काटूनला तू जाणार!”

टकरच्या बाबांनीच सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मग टकरने आपला चांगला हात पुढे करून ओरेस्टला मंचावर ओढून घेतलं.

जेवणं आटोपून माणसं बाहेर पडली. ओरेस्ट पायऱ्यांवर येताच अंधारात एक भोंगा वाजला. तो मिस्टर फेरच्या ट्रकचा होता. काच स्वच्छ पुसलेली होती. मग दुसरा वाजला, तिसरा वाजला, आणि बघता बघता सगळं आवार भोंग्यांनी दणाणलं.

“टचडाउन कुणी केलं?” ओरेस्ट गोंधळून म्हणाला.

“कुणीच नाही!” टेसा त्याच्या कानात ओरडली. “हे लोळवल्याबद्दल आहे!”

ओरेस्टने खिशातून एक नवंकोरं पिवळं कणीस काढलं. कोच ब्रॉननी ते आत्ताच त्याच्या हातात ठेवलं होतं. त्याने ते टेसाला दिलं आणि हेल्मेट पुढे धरलं.

“चिकटव. आणि हे बघ, उलटंच चिकटव हं!”