तुंबीला कोण वाढतंय?

चेन्नईच्या गिंडी भागातल्या आमच्या जाहिरात कंपनीत मला पगार मिळतो तो एका प्रश्नासाठी: लोक अमुकच गोष्ट एकमेकांना का पाठवत सुटतात? साहेबांकडे याची तयार उत्तरं आहेत. पहिले तीन सेकंद, उडतं गाणं, मांजर. सगळं थोतांड. माझं म्हणणं असं की माणसाला जे स्वतःच्या तोंडाने बोलवत नाही, ते तो कार्टूनच्या तोंडून बोलतो. ‘ऋजुता म्हणजे अतिशहाणी’ असं यावर ऑफिसात म्हणतात. म्हणोत बापडे.

सौम्या माझ्या शेजारी बसते. तंजावरकडची मराठी, घरी जुनं मराठी बोलते आणि चिडली की तमिळ. तिची आई, कामाक्षीमावशी, गेली तेव्हापासून तिच्या अप्पांनी, गिरीधरकाकांनी, जेवण जवळजवळ टाकलं होतं. पोरगी पहाटे उठून स्वयंपाक करून यायची आणि संध्याकाळी तांबरमला घरी जाऊन बघावं तर सगळं जिथल्या तिथे. असंच चाललं तर हे दिवाळी काढणार नाहीत, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. मला तिच्याकडे बघवत नसे.

अप्पांना जरा हसवावं म्हणून तिने लहानपणच्या एका कार्टूनचा तुकडा घेतला. तुंबी नावाचं हत्तीचं पिल्लू केळीच्या पानापुढे रुसून बसलंय. शेजारचा आचारी तिने पुसून टाकला आणि वर तमिळमध्ये लिहिलं, ‘साप्टिया?’ म्हणजे, जेवलास का? चेन्नईत लोक खुशाली विचारतात ती अशी. अप्पांना पाठवलं, आणि सहज नेटवरही टाकलं.

ते जे सुटलं! होस्टेलातल्या पोरांना आया पाठवू लागल्या, आखातातल्या नवऱ्यांना बायका. मी खूश, कारण माझंच म्हणणं खरं ठरत होतं. पण प्रतिक्रिया वाचायला घेतल्या तर जो तो एका हाताबद्दल लिहीत होता. चित्राच्या कडेला एक हात राहून गेला होता, पळीने वाढणारा. तो हात बघून रडू आलं, असं कितीतरी जणांनी लिहिलं होतं.

आचारी पुसताना राहिला असेल, सौम्या म्हणाली. मी मूळ कार्टून शोधून काढलं. आचारी अस्वल होता, हातात पांढरे मोजे घातलेला. या हातात हिरव्या बांगड्या होत्या.

मग लोकांनी आपापली चित्रं करायला सुरुवात केली. कुणी तुंबीच्या जागी रोबो बसवला, कुणी माकड, कुणी सगळंच नव्याने रंगवलं. हात सगळ्यांत होता. मी चिवट बाई, करणाऱ्यांना लिहून विचारलं. कोइंबतूरच्या एका मुलीने कळवलं की तिने हात रेखाटलाच नव्हता, चित्र पुरं झालं तेव्हा तो तिथे होता आणि पुसावासा वाटेना. एक मेंढरू गेलं की सगळी त्याच्यामागे जातात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी सौम्याने जेवायला बोलावलं. अप्पा जेवायला लागलेत, हे सांगताना तिचा आवाज नुसता फुलला होता. गेले तर खरंच, काकांच्या गालांवर तुकतुकी आलेली. आम्हा दोघांची पानं मांडली होती. मीठ, लोणचं, भाजी वाढून झाली होती, भात अजून आतच होता. सौम्या स्वयंपाकघरात अप्पळम, म्हणजे तिकडचे पापड, तळत होती. काकांनी फोन तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यावर तुंबी. रोज हेच बघून जेवता का, असं मी विचारलं.

“करंगळी पाहा,” ते म्हणाले. “पळी धरताना अशीच वेगळी ठेवीत असे. कामाक्षीचा हात मज ठाऊक नाही काय?”

मला गलबलून आलं. वाद घालायची माझी जन्माची खोड, पण त्या दिवशी वाकून करंगळी पाहिली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसातला संजीव होता. तुमच्या हत्तीजवळचा हात कुणी पुसला, लोक बोंबलतायत, असं तो म्हणत होता. मी उघडून पाहिलं. सौम्याचं चित्र, रोबोचं, माकडाचं, त्या कोइंबतूरच्या मुलीचं. पान होतं. हात कुठेच नव्हता.

तांब्याला टेकवलेल्या फोनवरही नव्हता.

आता हे पुन्हा जेवण सोडणार, म्हणून मी घाईने तो फोन उचलायला गेले. पण काका फोनकडे बघतच नव्हते. पंगतीत वाढणारीला वाट द्यावी तसे ते किंचित बाजूला सरकले.

आत तळणाचा आवाज चालूच होता.

“पुरे,” ते हळूच म्हणाले. “पुरे गं.”

आणि आग्रह नको म्हणून त्यांनी पानावर हात आडवा धरला.

त्या पालथ्या हातावर भाताची दोन शितं पडली. त्यांतून वाफ निघत होती.