बिनपंपाचं पाणी

मी बॉयलर तपासतो. कारखान्यात जाऊन पाणी कुठे तापतंय, कुठे अडतंय, वाफ कुठून निसटतेय हे बघणं हा माझा पेशा. त्यामुळे गरम पाण्याबद्दल मला कुणी शिकवायला आलं की माझ्या कपाळाला आठी पडते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही हकिगत ऐकून माझा साडू म्हणाला, "तुम्हाला थोडा आराम हवाय." आराम हवा असलेल्यांपैकी मी नव्हे.

बायको पुस्तकं वाचते, म्हणजे पोटासाठी वाचते. लोक कानाला लावून ऐकतात ना, ती. मागच्या खोलीत माईक, खिडकीला जाड पडदा, भिंतींना टेकवलेल्या जुन्या गाद्या आणि टेबलाखाली कॉम्प्युटर. या कॉम्प्युटरचा पंखाच तिचा वैरी निघाला. आयुष्यात पहिल्यांदा तिला एक जाडजूड कादंबरी मिळाली होती आणि स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकानं नमुना परत पाठवला. मागे कुणीतरी दळण दळतंय, म्हणाला. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे द्यावं लागेल, हेही त्यानं गोड शब्दांत कळवलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

"पंखाच काढून टाकतो," मी म्हणालो. "पाण्यानं थंड करू."

"म्हणजे पंप आला. तो काय मुका असतो?"

"पंप नाहीच. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, गार झालं की आपोआप खाली उतरतं."

"या घरात आपोआप काही होत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी बघतेय."

मी जिद्दीला पेटलो. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवला. त्यातून एक नळी वर, कपाटाच्या माथ्यावर ठेवलेल्या मोटारसायकलच्या जुन्या रेडिएटरला, आणि तिथून दुसरी नळी परत खाली. सगळ्यात उंचावर पाणी भरायला काचेची बरणी. पाणी फिरतंय की नाही हे दिसावं म्हणून त्यात निळ्या शाईचे थेंब सोडले. सगळं भरलं आणि बरणी बोटभर रिकामी राहिली. शुद्ध पाण्याचा कॅन संपला होता. टेबलावर बायकोचा ग्लास होता, घशासाठी उकळून गार केलेलं पाणी, दोन घोट प्यायलेलं. पाणी ते पाणी. मी ओतलं.

"माझं उष्टं घातलंस त्यात?" ती दारातून म्हणाली.

"यंत्राला उष्टं-बिष्टं कळत नाही."

कॉम्प्युटर लावला. थोड्या वेळानं शाईची एक बारीक निळी रेघ नळीतून वर चढू लागली. आवाज शून्य. नवा नमुना ऐकून ध्वनिमुद्रक म्हणाला, एवढी शांतता त्यानं स्मशानातही ऐकलेली नाही. काम पक्कं झालं. मी आठवडाभर घरात छाती काढून फिरलो.

आता बायकोची एक खोड सांगायला हवी. रेकॉर्डिंगच्या आधी ती प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवते, आणि ऐकणाऱ्यानं मध्ये मध्ये 'हं' म्हणायचं असतं. लहानपणी तिचे वडील गोष्ट सांगायचे आणि 'हं' आलं नाही की थांबायचे, तिथून लागलेली ही सवय. मी 'हं' म्हणतो, पण चुकीच्या जागी. कादंबरीत नायिकेचा भाऊ नदीत बुडाला तेव्हा मी असा 'हं' म्हणालो, की मला भाजी आणायला सांगितल्यासारखं वाटलं, असं तिचं म्हणणं.

त्याच वेळी कपाटावरची बरणी म्हणाली, गुडुक.

"नळीत हवा अडकलीय," मी म्हणालो. तसं होतंच. मी नळ्या थोपटून सगळी हवा काढली. दुसऱ्या दिवशी ती वाचायला बसली आणि वाक्य संपवून थांबली, तर पुन्हा गुडुक. वाचत असताना कधीच नाही, थांबली की मात्र नेमकं. आणि यातलं काहीही रेकॉर्डिंगमध्ये येत नव्हतं. मी कान लावलावून ऐकलं.

"कळतं हो याला कुठे 'हं' म्हणायचं ते," ती खुशीत म्हणाली.

"हवा आहे ती."

"असेल. तुझ्यापेक्षा मन लावून ऐकते."

हळूहळू तिनं मला बोलावणंच बंद केलं. दार लावून ती बरणीलाच वाचून दाखवायची. खरं सांगतो, मला त्या बरणीचा राग यायला लागला.

एकच प्रकरण उरलं होतं तेव्हा तिचा घसा बसला. डॉक्टरांनी एक शब्दही उच्चारायचा नाही म्हणून दम भरला. तिकडे ध्वनिमुद्रक शुक्रवारच्या पुढे जायला तयार नव्हता. शेवट दुसऱ्या आवाजात चालणार नाही, मग अख्खं पुस्तकच दुसरीकडून वाचून घेऊ, म्हणाला. बायकोनं पाटीवर लिहिलं, 'शुक्रवार.' ते पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं. तिच्याकडे बघवत नव्हतं.

मी मागच्या खोलीत गेलो, उगाच, आवराआवर करायला. कॉम्प्युटर बंद होता. प्लग भिंतीतून काढून ठेवलेला होता. आणि नळीतून निळी रेघ वर चढत होती.

खाली आग नसेल तर पाणी फिरत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, पोटापाण्यासाठी पाहिलेलं आहे. मी बरणीला हात लावला. ताप आलेल्या पोराच्या कपाळाइतकी गरम. ऊन येत असेल म्हणून पडदा बघितला, तो घट्ट ओढलेला होता.

शुक्रवारी दुपारी बरणीला हात लावायची सोय राहिली नाही. गुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा गुडुक, जरा मोठ्यानं.

बायको दारात उभी होती. तिनं पाटी वर केली. 'त्याला पुढचं ऐकायचंय.'

"पाण्याला पुढचं-मागचं नसतं," मी म्हणालो. पण दाब वाढला की आधी त्याला वाट करून द्यायची, हेही मला माहीत होतं. मी तिला बाहेर पाठवून दार लावलं आणि तापमान बघावं म्हणून कॉम्प्युटर लावला. तो लावला की रेकॉर्डिंग सुरू होतं आणि बंद केला की थेट ध्वनिमुद्रकाकडे जातं. ही सोय मीच तिला करून दिली होती. त्या क्षणी लक्षात राहिली नाही.

मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. कामगारांना सुरक्षेचे नियम वाचून दाखवतो त्याच आवाजात. नायिका घरी परतते, दार उघडते, वगैरे.

बरणी निवत गेली.

शेवटचं वाक्य झालं तेव्हा निळी रेघ नळीत जागच्या जागी उभी होती. मी कॉम्प्युटर बंद केला.

संध्याकाळी ध्वनिमुद्रकाचा फोन आला. बायकोला ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला.

"प्रकरण मिळालं. ताईंचा घसा बरा झाला म्हणायचा."

"ताईंचा?"

"कमाल केलीय हो त्यांनी. आवाज तोच, पण श्वास नाही. एरवी वाचणाऱ्याचे श्वास कापण्यात आमचा दिवस जातो. इथे कापायला काही नाहीच. अख्ख्या प्रकरणात त्यांनी एकदाही श्वास घेतलेला नाही."

बायकोच्या हातातला खडू तसाच राहिला.

"मागे कुणीतरी पुरुष 'हं' म्हणतोय, तेवढं मी काढतो."

माझ्या तोंडून निघालं, "कुठे म्हणतोय?"

"अगदी बरोबर जागी," तो म्हणाला. "पुढचं पुस्तकही ताईंनाच द्यायचं ठरलंय. फक्त आवाज असाच हवा."

फोन ठेवल्यावर बायकोनं खडू खाली ठेवला. मग तिनं आपला ग्लास उचलला, दोन घोट प्यायली आणि उरलेलं पाणी घेऊन मागच्या खोलीत गेली. बरणीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला. रिकामा ग्लास घेऊन ती परत आली आणि ओठ मिटून माझ्या शेजारी बसली.

घरात काही वाजत नव्हतं.

"हं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, 'कोणाला?'