चौपन्न किलो

मास्तरांची जुनी गाडी मिस्त्रींच्या कारखान्यात आली तेव्हा तिचं मागचं डावं अंग अडीच बोटं खाली बसलं होतं. मिस्त्रींना त्यात नवल वाटलं नाही. तीस वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी, चाकांवर तिचा भार झेलणाऱ्या कमानींचे पोलादी पाटे थकणारच. इंजिन दुसरीकडे सुरू करून झालं होतं. मास्तरांना ती विकून मोकळं व्हायचं होतं आणि शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं. गाडी सरळ उभी दिसली की झालं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मिस्त्रींची उभी हयात पाट्यांत गेली होती. त्यांनी दोन्ही बाजूंच्या कमानी उतरवल्या, पाटा न् पाटा सुटा करून गंज घासला, भट्टीत लाल करून बाक दिला, तेलात विझवला, पुन्हा बेताची धग दाखवली. ग्रीस लावून कमानी चढवल्या. संध्याकाळी पट्टी लावली तर दोन्ही बाजू सारख्या. हात धुऊन ते निवांत घरी गेले.

सकाळी डावी बाजू अडीच बोटं खाली होती.

आधी त्यांनी स्वतःलाच दोष दिला. मग डावी कमान उजवीकडे आणि उजवी डावीकडे चढवली. दुपारपर्यंत पुन्हा डावीच बाजू बसली. चासी सरळ होती, फरशी समतल होती. त्यांनी मागचं दार उघडून सीट चाचपली. रिकामी. फक्त डाव्या कोपऱ्यात गादी कोमट लागली, आणि तिथवर ऊन पोचत नव्हतं.

मिस्त्रींनी हात मागे घेतला.

शेवटी त्यांनी उजव्या बाजूला वाळूच्या पिशव्या ठेवायला घेतल्या. गाडी समतल झाली तेव्हा थांबले आणि त्या पिशव्या काट्यावर घातल्या.

शुक्रवारी मास्तर आले. मिस्त्रींची मान वर होईना.

"माझ्या कामात खोट नाही, मास्तर. पण मागे डावीकडे चौपन्न किलो वजन आहे. कुठून आलं ते मला विचारू नका."

मास्तर मागच्या दाराशी गेले. मग खाली बघत त्यांनी सांगितलं, की त्यांची मुलगी सहा वर्षांची असताना तापाने फणफणली होती. याच गाडीत, त्याच कोपऱ्यात बसवून तिला दवाखान्यात नेत होते. ती वाटेतच गेली. त्यानंतर तीस वर्षं ते या गाडीत बसले नव्हते.

"तेव्हा अठरा किलोची होती," ते म्हणाले. "चौपन्न म्हणालात ना? नक्की?"

"दोनदा तोललं."

मास्तरांनी मान हलवली. गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणून कळवतो, म्हणाले.

मिस्त्रींनी पिशव्या काढल्या. गाडी सावकाश डावीकडे झुकली.

मास्तर स्टिअरिंगमागे बसले. समोरचा आरसा अजून तेव्हाचाच, सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीला लावलेला होता; त्यात मागची सीट बघितली.

मग हात उंचावून त्यांनी आरसा जरा वर वळवला.